मागाचा खड्डा

तांडापेठेतल्या या खोलीत पूर्वी हातमाग होता.
माग भंगारात गेला, खड्डा राहिला,
विणणाऱ्याचे पाय जिथे लोंबत असत तो.
आता त्यावर सागाच्या चार फळ्या
आणि फळ्यांवर नव्या माणसाची गादी.
जुनं झालं की भिंतीकडची मिळते.

मला इथे अकरा महिने चार दिवस झाले.
त्याआधी तीन वर्षं वर्धा रोडच्या भिंतीआड.
त्याआधीचं मलाही धड आठवत नाही:
एक स्कूटर होती, रस्त्यात एक माणूस होता,
आणि माझ्या पोटात पाऊण बाटली.

रजिस्टर माझ्याकडे असतं.
कोण किती वाजता आला, तोंडाचा वास, सही.
सोमवारची ठाण्यातली हजेरी कोणाची,
कोर्टाची तारीख कोणाची, गोळ्या कोणाच्या.
वकीलबाई बुधवारी येतात,
फीचं नाव काढलं की म्हणतात, चहात साखर जास्त झाली.
मुबीनभाई कूलरवाले रोज दोघांना घेऊन जातात
खस भरायला, पंप बसवायला,
आणि मजुरी शनिवारी एकदम देतात, इथे येऊन, सगळ्यांसमोर.
आम्हीच मागितलं तसं.
घरी येताना वाटेत दोन दुकानं लागतात.

आम्ही आलो तेव्हा गल्लीनं अर्ज दिला होता.
बावीस सह्या, दोन अंगठे.
आता त्याच घरांतून पाळीनं डबा येतो.
नववी सही ज्यांची, त्यांचा झुणका सर्वांत झणझणीत.
एक अंगठा अजून आमच्याकडे बघत नाही.
त्याचाही हक्क आहे.

नवतपात मोरेश्वर उईके आला.
सव्वीस वर्षांचा, देवलापारकडचा, बोलणं मोजकं.
सामान म्हणून तुरुंगाच्या शिक्क्याचा एक कागद
आणि कुणाचं तरी लहान मुलाचं स्वेटर, मे महिन्यात.
विचारलं नाही मी.

सहाव्या रात्री लाइट गेली.
कूलर थांबला की खोलीला कान फुटतात.
फळी वाजली. एकदा.
मग थोड्या वेळानं पुन्हा एकदा, हळू, बसवल्यासारखी.

सकाळी तो अंघोळीला गेल्यावर मी गादी सरकवली.
खाली नव्वदची बाटली, रिकामी,
आणि तिच्या शेजारी धुळीत एक जुना धोटा,
कुणाचाच नसलेला.

रजिस्टर उघडलं. पेन चाललं नाही, झटकलं.
लिहिलं तर ते प्रोबेशनवाल्या साहेबांपर्यंत जातं.
लिहिलं तर पंधरा दिवस मेडिकलचा वॉर्ड, खाट इथे राखून.
हा नियम आम्हीच केला,
पण नियम करताना समोर कुणी ओल्या केसांनी उभं नसतं.

"लिवलं का?"
"लिहिलं."
"मंग आता?"
मला उत्तर येत होतं, तोंड उघडेना.

तेवढ्यात भाडं घ्यायला लीलाबाई निखारे आल्या.
भाडं कसलं, महिन्याला शंभर रुपये
आणि खोली झाडलेली असावी एवढंच.
उघडा खड्डा बघून दारातच थांबल्या.
खूप वेळ. मग चप्पल काढून आत आल्या,
वाकून धोटा उचलला, पदरानं पुसला.
"आमचे इथंच ठेवत," म्हणाल्या.
"पाय खाली सोडून बसले का हात पुरे तिथंवर.
मले समदं मालूम होतं.
मी फळी लावून देवो, बापा.
बावीस वर्षं लावली."

कुणी काही बोललं नाही.
धोटा त्यांनी पिशवीत टाकला, शंभराची नोट विसरल्या.

मुबीनभाईंनी स्कूटर काढली.
मध्ये मोरेश्वर, मागे मी,
माझ्या गुडघ्यावर त्याची पिशवी, त्यातून डोकावणारी लोकरीची बाही.
मी स्कूटरवर बसलो नव्हतो चार वर्षं.
गोळीबार चौकात सिग्नलला तो एवढंच म्हणाला,
"गादी गुंडाळसान नोका."

गुंडाळली नाही.
रजिस्टरमध्ये: बाहेर, सात चाळीस.
आत, हा रकाना मी कोरा सोडलाय,
रेघ मारलेली नाही.